वेताळाचा प्रश्न

“सणासुदीला हे कसले अभद्र वाचन, मास्तर?” गूढकथांची शिफारस केली की पालक मला हटकून असे विचारतात. त्यांच्यापुढे मी वेताळाचीच साक्ष काढतो.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या गोष्टी गुंफल्या. पुढे ‘वेताळपंचविशी’ म्हणून त्या मराठी घरांत रुळल्या. फळातून रोज रत्न भेट देणाऱ्या एका भिक्षूच्या शब्दाखातर राजा स्मशानातले प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ गोष्ट सांगतो आणि प्रश्न घालतो. उत्तर ठाऊक असून दिले नाही, तर डोके फुटेल. दिले, तर प्रेत पुन्हा झाडावर! शेवटच्या प्रश्नाला मात्र राजाकडे उत्तरच नसते. तो मुकाट चालत राहतो. तेव्हा प्रसन्न झालेला वेताळच त्याला सावध करतो, की हा भिक्षू तुझा बळी देणार आहे. भय प्रेताचे, आणि घात करणार होता दाता! चांगली गूढकथा हीच पारख शिकवते.

दिवाळी अंकाशीही तिचे जुने नाते आहे. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. त्या परंपरेत पुढे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने अद्भुताला हक्काचे घर दिले.

जिज्ञासू वाचकांनी आरंभ नारायण धारपांपासून (१९२५-२००८) करावा. त्यांच्या कथांत अमंगळ शक्ती बाहेरून येते, आणि तिला रोखायला ‘समर्थ’ उभे असतात. म्हणून वाचणाऱ्याचा धीर सुटत नाही. मग रत्नाकर मतकरींचे (१९३८-२०२०) ‘गहिरे पाणी’ घ्यावे. तेथे भूत शोधायला जावे, तर पुष्कळदा माणसाचाच लोभ नाहीतर मत्सर हाती लागतो. शेवटी धारवाडला इंग्रजी शिकवणाऱ्या जी. ए. कुलकर्णींकडे (१९२३-१९८७) वळावे. त्यांची ‘काजळमाया’ (१९७२) आणि ‘रमलखुणा’ (१९७५) वाचताना भुताची गरजच उरत नाही. समोर नियती असते. राजाच्या शेवटच्या प्रश्नासारखे तेथले प्रश्न आपल्यालाही मुकाट चालायला लावतात.

माझ्या वर्गातील मुले उद्या जगात जातील. खांद्यावर बसणारा वेताळ त्यांना क्वचितच भेटेल. फळ घेऊन येणारा भिक्षू मात्र हमखास भेटेल.