ना पूल, ना वीज, ना नळ : अमेरिकेतल्या वाळूच्या बेटांवर लोक तंबूत कसे राहतात?

किनाऱ्यावरच्या गावांना तंबूवाले पर्यटक आता नवीन राहिलेले नाहीत. पुळणीवर तंबू, रात्री शेकोटी, सकाळी होडीतून फेरी. काही ठिकाणी गावातलीच पोरं हा धंदा करतात, काही ठिकाणी बाहेरचे येऊन करतात. वाळूवर माणूस राहायला लागला की काय काय सांभाळावं लागतं, याचा पूर्ण विचार मात्र अजून आपल्याकडं झालेला दिसत नाही. म्हणून ही माहिती एका अशा जागेची, जिथं लोक होडीनं वाळूच्या बेटावर जातात, स्वतःचा तंबू लावतात, आणि परत येताना केळ्याची सालसुद्धा मागं ठेवत नाहीत.

जागेचं नाव केप लुकआउट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलायना राज्यात, अटलांटिक महासागराला लागून. नॉर्थ कोअर बँक्स, साउथ कोअर बँक्स आणि शॅकलफर्ड बँक्स ही इथली मुख्य बेटं. सगळा किनारा मिळून ५६ मैल, म्हणजे साधारण ९० किलोमीटर. १९६६ साली तिथल्या संसदेनं कायदा करून हा किनारा राखीव केला. राष्ट्रीय उद्यानांचं जे खातं आहे, तेच याची देखभाल करतं. मुख्य भूमीवरून इथं यायला पूल नाही. हॉटेल नाही, दुकान नाही, डांबरी रस्ता नाही.

बेट आहे, पण जागेवर नाही

अशा बेटांना इंग्रजीत बॅरिअर आयलंड म्हणतात. म्हणजे किनाऱ्याला समांतर पडलेला वाळूचा लांबलचक पट्टा. एका अंगाला मोठा समुद्र, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी, आणि खाडीपलीकडं मुख्य जमीन. आपल्या सिंधुदुर्गात अगदी तसंच बेट नाही. पण मालवण तालुक्यातलं देवबाग डोळ्यासमोर आणा, एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये चिंचोळा वाळूचा दांडा. तो जमिनीला जोडलेला आहे एवढाच फरक. वाळूचा स्वभाव दोन्हीकडं सारखा.

हा स्वभाव म्हणजे, ती एका जागी राहत नाही. वादळात लाट बेटावरून पलीकडं जाते आणि समोरची वाळू उचलून मागच्या खाडीकडं टाकते. असं शेकडो वर्षं चाललं की अख्खं बेट हळूहळू जमिनीकडं सरकतं. बेट सरकलं तर बेटाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते वर बांधलेल्या घराचं.

२०१९ मध्ये डोरियन नावाचं चक्रीवादळ आलं तेव्हा नॉर्थ कोअर बँक्स बेट पन्नासहून जास्त ठिकाणी फुटलं. यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की हे पाणी मोठ्या समुद्राकडून आलं नव्हतं. वाऱ्यानं मागच्या खाडीत पाणी तुंबवलं आणि ते बेट फोडून समुद्राकडं गेलं. आपल्याकडं सगळ्यांचं लक्ष समुद्राच्या बाजूच्या बंधाऱ्याकडं असतं. नदीची बाजूही तेवढीच बघायला हवी, हे देवबागच्या माणसाला सांगायची गरज नाही म्हणा.

वाळू थोडीफार धरून ठेवतं ते गवत. तिथं सी ओट्स नावाचं उंच गवत वाळूच्या टेकड्यांवर वाढतं, आणि ते उपटायला मनाई आहे. आपल्याकडं हेच काम मर्यादवेल करते. जांभळ्या फुलांची, वाळूवर पसरणारी. तंबूसाठी जागा साफ करताना पहिली तीच उपटली जाते.

पूर्वी इथं गावं होती

शॅकलफर्ड बेटावर डायमंड सिटी नावाची वस्ती होती. नाव मोठं, पण होते मासेमारी आणि देवमाशाची शिकार करणारे लोक, पाचशेच्या आसपास. जवळच्या दीपगृहावर काळ्या-पांढऱ्या चौकटी रंगवल्या आहेत, पत्त्यातल्या चौकटसारख्या. त्यावरून हे नाव पडलं. १८९९ च्या ऑगस्टमध्ये मोठं वादळ झालं. घरांत पाणी, विहिरी खारट, बागा मेल्या, गुरं वाहून गेली. त्यानंतर लोकांनी घरं सोडली असं म्हणणंही बरोबर नाही. बऱ्याच जणांनी घरं मोकळी केली, होड्यांवर चढवली आणि खाडीपलीकडं हार्कर्स आयलंडवर नेऊन पुन्हा उभी केली. दोन-तीन वर्षांत गाव रिकामं झालं.

उत्तरेच्या टोकाला पोर्टस्मथ नावाचं गाव आहे, १७५३ मध्ये वसवलेलं. जहाजांचा माल इथं उतरायचा. पुढं जहाजांची वाट बदलली, लोक कमी होत गेले, आणि १९७१ मध्ये शेवटची माणसंही निघून गेली. घरं, चर्च, पोस्ट ऑफिस अजून जपून ठेवलंय. राहायला कोणी नाही.

दीपगृह मात्र १८५९ पासून उभं आहे, उंची १६३ फूट. त्याच्या काळ्या चौकटी उत्तर-दक्षिणेला आणि पांढऱ्या पूर्व-पश्चिमेला तोंड करून आहेत. त्यामुळं दिवसा लांबून बघणाऱ्या खलाशाला दिशा कळते.

जायचं कसं, न्यायचं काय

हार्कर्स आयलंड आणि ब्यूफोर्ट या गावांतून प्रवासी होड्या सुटतात. कोअर बँक्सवर गाडी नेणाऱ्या तराफ्यासारख्या मोठ्या बोटीही आहेत, त्या वेगळ्या गावांतून सुटतात. शॅकलफर्डवर पर्यटकांच्या गाडीला बंदी. एक-दोन ठिकाणी भाड्याच्या लाकडी खोल्या आहेत तेवढंच, बाकी सगळे तंबूत.

तंबूसाठी आखलेल्या जागा नाहीत. माणसानं स्वतः जागा शोधायची. पण टेकडीवर नाही, गवतावर नाही, पक्ष्यांच्या आणि कासवांच्या राखलेल्या जागेत नाही. एका मुक्कामाला जास्तीत जास्त १४ दिवस. पंचवीस किंवा जास्त माणसांचा गट असेल तर आधी परवानगी लागते.

सगळ्यात जड सामान म्हणजे पाणी. माणशी दिवसाला चार लिटर तरी धरतात, उन्हाळ्यात जास्त. दोन रात्रींना चार माणसं गेली की पन्नासभर लिटरचे कॅन होडीतून उतरवायचे आणि वाळूतून वाहायचे. आणि एक दिवसाचं पाणी वरचं ठेवायचं, कारण वारा सुटला तर होडी येत नाही. सावलीही बरोबर न्यावी लागते, बहुतेक ठिकाणी झाडाची सावली मिळत नाही.

तंबूची नेहमीची बारीक खुंटी वाळूत टिकत नाही, वाऱ्याच्या पहिल्या झोताला निघून येते. तिथं लांब, रुंद पात्याच्या खुंट्या वापरतात. त्या नसतील तर पिशवीत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. हा उपाय आपल्याकडंही चालतो, रिकाम्या खताच्या गोणीत छान होतं. तंबूचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचं. भरतीची रेषा कुठपर्यंत आहे ते वाळलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या ओळीवरून कळतं, त्या ओळीच्या चांगलं वर तंबू लावायचा.

शेकोटी याच्या उलट, भरतीच्या रेषेच्या खाली. म्हणजे राख समुद्र नेतो आणि गवताला आग लागत नाही. विझवायची पाण्यानंच. वरून वाळू टाकून विझवली तर निखारा आत तासन्‌तास धगधगत राहतो आणि सकाळी अनवाणी चालणाऱ्याचा पाय भाजतो. आपल्या पुळणीवर लहान पोरं अनवाणीच पळतात, तेव्हा हा नियम तरी तंबूवाल्यांनी आजपासून पाळावा.

कचरा सगळा परत. शौचाला पाणी आणि तंबूपासून लांब जाऊन वीतभर खोल खड्डा करायचा आणि बुजवायचा, कागदसुद्धा पिशवीत भरून परत आणायचा.

घोडे, कासवं आणि डास

शॅकलफर्डवर शंभराहून जास्त रानटी घोडे आहेत. त्यांच्या रक्षणासाठी १९९८ मध्ये वेगळा कायदा झाला. माणसानं ५० फूट लांब राहायचं, खायला घालायचं नाही. आजूबाजूला खारं पाणी, मग हे घोडे पितात काय? पावसाची डबकी, आणि ते नसेल तर खुरानं वाळू उकरून खालचं गोडं पाणी. याकडं पुढं येतो.

उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर चढतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेनं जातात, आणि निसर्गात तो उजेड समुद्राकडं असतो. तंबूसमोर मोठा दिवा लावला की पिल्लं उलटी चालत सुटतात. वेळास, वायंगणी या आपल्या गावांना हे पाठ आहे. आपल्याकडं ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत येतात, म्हणजे नेमकी पर्यटनाच्या हंगामात.

डास आणि बारीक चावरे किडे भरपूर. वारा असेल तर सुख, वारा पडला की हाल. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, त्यामुळं जाणकार लोक वसंत ऋतू किंवा उशिराचा शरद ऋतू निवडतात.

वाळूखालचं गोडं पाणी

आता घोड्यांच्या पाण्याचं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण गोडं पाणी हलकं आणि खारं जड. शास्त्राचा ढोबळ हिशोब असा, की समुद्राच्या पातळीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी एक फूट वर असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. ऐकायला भरपूर वाटतं. पण उपसा करून ती पातळी एक फूट खाली आणली, की खालून तेवढंच चाळीस फूट खारं पाणी वर सरकायला लागतं. विहीर आधी मचूळ होते, मग खारट. आणि नारळीच्या बागेला ते पाणी दिलं की पुढचं शेतकऱ्याला सांगायला नको.

केप लुकआउटला पाणी घरून आणायचा रिवाज आहे, त्यामुळं बेटाच्या पोटातलं पाणी घोड्यांना उरतं. वाळूच्या दांड्यावर तंबू लावणाऱ्यांनी शॉवर आणि संडासाला गावच्या विहिरीवर पंप बसवला, तर पंप एकाचा आणि खारं पाणी सगळ्या वाडीचं. ग्रामसभेत तंबूचा विषय येईल तेव्हा भाड्याच्या आधी पाणी कुठून आणणार, संडासाचं काय करणार, हे विचारून घ्या. किनाऱ्यावर सीआरझेडचे नियमही लागू असतात, नुसतं तोंडी ‘हो’ चालत नाही.

होडी आणि तिथी

आपल्या खाडीत कोणाला वाळूपट्टीवर सोडायचं असेल तर भरती-ओहोटीचा हिशोब आधी. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला पूर्ण भरती. पुढं तिथीला पाऊणनं गुणायचं. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला. दक्षिणेकडं ती थोडी आधी येते, हे धरून चालायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी कमी चढतं-उतरतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, आणि भांगात कोरडी राहिलेली पट्टी उधाणात पाण्याखाली जाते. अशा पट्टीवर रात्रीचा मुक्काम करायचाच नाही, गिऱ्हाईक कितीही पैसे देत असलं तरी.

होडीला मेरीटाईम बोर्डाचा परवाना, माणशी एक लाइफ जॅकेट, आणि कोणाला कुठं, कधी सोडलं, परत कधी आणणार याची चिठ्ठी किनाऱ्यावरच्या एका माणसाकडं. ठरल्या वेळेनंतर तासाभरात होडी दिसली नाही तर त्या माणसानं पोलिसांना ११२ वर फोन करायचा, वाट बघत बसायचं नाही.