बिनपरतीचा सौदा

अमेरिकेतील एखाद्या मध्यम नगरातले कॉमिक्सचे दुकान प्रथमच पाहणाऱ्या मराठी माणसास हे ग्रंथालय म्हणावे, खेळण्यांचे भांडार म्हणावे, की कोण्या उपासनापंथाचा मठ म्हणावा, असा संभ्रम पडावा, इतकी तेथील मांडणी चमत्कारिक असते. भिंतींना लागून त्या आठवड्याचे ताजे अंक मुखपृष्ठे दर्शनी ठेवून ओळीने उभे केलेले. मधोमध पांढऱ्या पुठ्ठ्याच्या लांबट पेट्या आणि त्यांत जुने अंक, एकेक पारदर्शक पिशवीत, पाठीशी ताठ पुठ्ठा सरकवून, क्रमांकवार लावलेले. मागल्या बाजूस लांब मेजे मांडलेली आणि त्यांवर पत्ते व फासे घेऊन बसलेली मंडळी. आणि गल्ल्यावर असा एक मालक, की ज्यास कोणत्या नायकाने कोणत्या अंकात कोणता शत्रू प्रथम पाहिला हे आपल्याकडील जुन्या कारकुनास सरंजामी दफ्तर पाठ असावे तसे पाठ असते. येथे जमणाऱ्या मंडळींस अमेरिकनांनी प्रथम 'गीक' म्हणून हिणवले आणि पुढे त्यांच्याच आवडीनिवडीवर हॉलिवूडने अब्जावधी डॉलर मिळविले.

या संस्कृतीचा इतिहास सांगणारे बहुतेक लेखक सुपरमॅनपासून प्रारंभ करतात आणि वीरकथांचे मानवी मनाला असलेले सनातन आकर्षण वगैरे गोष्टींची चर्चा करीत बसतात. ते आकर्षण मला अमान्य नाही. परंतु वीरकथा सर्व देशांत आहेत आणि असे दुकान सर्व देशांत नाही, ही गोष्ट त्या विवेचनातून सुटते. माझ्या मते या दुकानाचे, आणि बऱ्याच अंशी त्या दुकानात घडलेल्या स्वभावाचे मूळ १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये ठरलेल्या एका व्यापारी करारातील कलमात आहे, आणि ते कलम एवढेच, की न खपलेला माल प्रकाशक परत घेणार नाही.

या कलमाचे नावीन्य कळण्यासाठी तत्पूर्वीचा शिरस्ता पाहिला पाहिजे. क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी कल्पिलेला सुपरमॅन १९३८ साली 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. त्या कथेसह सर्व हक्कांचा मोबदला म्हणून त्या दोघांस मिळून १३० डॉलर मिळाले. अंकाची किंमत होती १० सेंट. असे अंक वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर, औषधांच्या दुकानांत आणि किराण्याच्या कोपऱ्यात फिरत्या तारेच्या घोडीवर टांगलेले असत. प्रकाशक हवे त्याहून पुष्कळ अधिक अंक छापी, घाऊक अडत्या ते गठ्ठ्यांनी वाटी, आणि महिना उलटला की उरलेला माल हिशेबात वजा होई. संपूर्ण अंक परत पाठविण्याचे भाडे परवडण्याजोगे नसल्यामुळे दुकानदार मुखपृष्ठाचा वरचा, नाव छापलेला भाग फाडी, त्या पट्ट्यांची गड्डी बांधून अडत्याकडे देई, आणि प्रत्येक पट्टीमागे त्याच्या खात्यावर पैसे जमा होत. मुंडके उडालेला अंक नियमाप्रमाणे रद्दीत जावयाचा. प्रत्यक्षात तो मागल्या दाराने निम्म्या किमतीस मुलांच्या हाती पडे. पुढे पट्ट्या मोजण्याचाही कंटाळा आला, तेव्हा 'इतके अंक नष्ट केले' असे अडत्याने लिहून दिले की पुरे, अशी वहिवाट पडली. आणि जेथे नुसत्या लेखी हवाल्यावर पैसे वळते होतात, तेथे हवाला देणाऱ्याच्या सचोटीची परीक्षा किती कठीण होते, हे वाचकांस मी सांगावयास नको.

या व्यवस्थेवर १९५४ पासून आघातांमागून आघात झाले. मनोरोगतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे प्रतिपादणारा ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध केला, सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षीपुरावे झाले, आणि भयभीत प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर एक कडक आचारसंहिता लादून घेतली. तिच्या पायी काही उत्तम नियतकालिके बुडाली. १९५७ साली अमेरिकन न्यूज कंपनी या बलाढ्य वितरकाने कारभार गुंडाळला, तेव्हा पुढे मार्व्हल या नावाने गाजलेल्या प्रकाशनसंस्थेस आपल्या प्रतिस्पर्ध्याच्याच वितरकापुढे हात पसरावे लागले, आणि त्याने दरमहा अवघ्या आठ अंकांची मुभा दिली. परंतु सर्वांत मारक गोष्ट या नाट्यमय घटनांहून क्षुल्लक होती: अंक फार स्वस्त होता. ज्या जागेत एक मोठे, महाग मासिक राहते तेथे कॉमिक्सचा अंक ठेवून चार पैशांची कसर मिळवावी, असे कोणत्या व्यापाऱ्यास वाटेल? अडत्याच्या गोदामात कित्येक गठ्ठे दोरीही न सोडता पडून राहत आणि तसेच 'नष्ट' म्हणून नोंदले जात.

दरम्यान या रद्दीवर प्रेम करणारा एक वर्ग निर्माण झाला होता. लहानपणी वाचलेले अंक प्रौढपणी शोधणारे हे लोक हस्तलिखितवजा पत्रिका काढीत, पत्रांनी अदलाबदल करीत, हॉटेलांचे दिवाणखाने भाड्याने घेऊन संमेलने भरवीत. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी जुन्या अंकांच्या बाजारभावांचे पुस्तकच काढले. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६८ साली रॉबर्ट क्रम्ब यांनी 'झॅप'चा पहिला अंक बाळाच्या ढकलगाडीत घालून हेट स्ट्रीटवर विकला, आणि त्याच वर्षी त्याच शहराच्या मिशन भागात गॅरी आर्लिंग्टन यांनी एका चिंचोळ्या गाळ्यात केवळ कॉमिक्सचे दुकान थाटले; या प्रकारच्या आद्य दुकानाचा मान सामान्यतः त्यासच दिला जातो. आचारसंहितेस न जुमानणारे 'झॅप'सारखे भूमिगत अंक टपरीवाले ठेवीत नसत. ते ठेवी तो रोखीने घेई आणि उरले तर आपल्यापाशी ठेवी. म्हणजे बिनपरतीची रीत गल्लीबोळात आधीच रुजली होती. तिला मोठ्या प्रकाशकांच्या दिवाणखान्यात नेणारा मनुष्य तेवढा हवा होता.

तो मनुष्य म्हणजे फिल सूलिंग. ब्रुकलिनच्या लाफायेट हायस्कुलात इंग्रजी शिकविणारा हा मास्तर १९६८ पासून न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सची संमेलने भरवीत असे. त्याने १९७३ साली डीसी, मार्व्हल आदी प्रकाशकांपुढे मांडलेला प्रस्ताव साध्या हिशेबाचा होता. तुम्ही मला मोठ्या अडत्याइतकी सूट द्या. मी आगाऊ संख्या सांगतो, आणि सांगितलेला प्रत्येक नग माझा, खपो वा न खपो. त्याच्या सी गेट कंपनीने मागविलेले गठ्ठे इलिनॉय राज्यातील स्पार्टा येथील छापखान्यातून परस्पर दुकानांकडे रवाना होऊ लागले, आणि टपरीवर येण्यापूर्वीच अंक भक्तांच्या हाती पडू लागला. प्रकाशकांस यात नकार देण्याजोगे काही नव्हते. ज्यांना आजवर आपले अंक किती खपले हे कळावयास महिनोन्महिने लागत, त्यांना आता छपाईपूर्वीच ठराविक संख्येचा पक्का ऐवज हाती येत होता. सारे जोखीम दुकानदाराने पत्करले होते.

आता हे जोखीम पत्करणाऱ्या माणसाचा दिनक्रम पाहावा, म्हणजे त्या दुकानातील प्रत्येक चमत्कारिक रूढीचे कारण दिसू लागते. अंक निघण्यापूर्वी दोन-तीन महिने त्याच्यापुढे जाडजूड सूचिपत्र येते. अद्याप पुरती चितारलीही न गेलेली कथा आपल्या गावात किती लोक घेतील याचा अंदाज करून त्याने आकडा भरावयाचा. अंदाज कमी पडला तर गिऱ्हाईक रुसते, जास्त झाला तर पैसा कागदात अडकतो. म्हणून तो प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावाने यादी करून घेतो आणि बुधवारी गठ्ठे फोडून, बिलाशी नग ताडून, कोपरा दुमडलेला अंक बाजूस काढून, ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या कप्प्यात घालतो. गिऱ्हाइकाची आवड त्यास मुखोद्गत असते याचे कारण प्रेम हे आहेच, पण त्या प्रेमाखाली जमाखर्चाची वहीही आहे. उरलेला अंक परत जात नाही, तेव्हा तो टिकविणे भाग. म्हणून पिशवी, म्हणून पुठ्ठा, म्हणून ती लांबट पेटी, आणि म्हणूनच 'हा अंक उद्या दुर्मिळ होईल' ही श्रद्धा, जी विक्रेत्याच्या गरजेतून निघाली आणि गिऱ्हाइकाच्या अंगात भिनली.

आपल्याकडे असे दुकान का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तरही मला याच हिशेबात दिसते. मुंबईहून टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले, ली फॉकच्या फँटमला मराठी मुलांनी वेताळ म्हणून आपलेसे केले, आणि १९६७ पासून अनंत पै यांच्या 'अमर चित्र कथा' घरोघर गेल्या. वाचकांचा दुष्काळ कधीच नव्हता. पण हे अंक रेल्वे फलाटावर विकत मिळत, कोपऱ्यावरच्या वाचनालयात नाममात्र भाड्याने मिळत, आणि अखेर रद्दीवाल्याच्या तराजूत वजनावर जात. जो अंक वाड्यातील सर्व मुलांनी चुरगाळून वाचावयाचा, त्याला प्लास्टिकची पिशवी कोण घालणार? मला स्वतःला ही चुरगाळण्याची रीत अधिक सुसंस्कृत वाटते. अर्थात, आज त्या अंकांच्या शोधात असलेले संग्राहक माझ्याशी सहमत होणार नाहीत.

तिकडे अमेरिकेत सूलिंगचा मक्ता फार काळ टिकला नाही. एका प्रतिस्पर्धी वितरकाने १९७८ साली त्याच्या विशेष सवलतींविरुद्ध दावा लावला, आणि त्यानंतर त्याच अटींवर इतर अडत्यांसही माल मिळू लागला. १९८४ साली सूलिंग वारला. पण पद्धत पक्की झाली होती. १९८१ साली मार्व्हलने 'डॅझलर'चा पहिला अंक टपऱ्यांस न देता केवळ या दुकानांतून विकला आणि चार लाखांहून अधिक प्रतींची मागणी आली. दुर्बळ प्रकाशकांस तर ही पद्धत वरदानच ठरली, कारण मागणी आधी आणि छपाई मागून असल्यामुळे थोड्या भांडवलावर धाडस करता येई: केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या जोडीने १९८४ साली उसनवारी करून 'टीनएज म्यूटंट निन्जा टर्टल्स'च्या अवघ्या सुमारे ३,००० प्रती काढल्या, आणि त्या कासवांनी पुढे जग पादाक्रांत केले. आचारसंहितेची मोहर नसलेला अंक हे दुकानदार बिनदिक्कत ठेवीत, त्यामुळे प्रौढांसाठी लिहिणेही शक्य झाले. १९८६ साली 'वॉचमेन' आणि 'द डार्क नाइट रिटर्न्स' या मालिका याच दुकानांच्या आधाराने प्रसिद्ध झाल्या. मात्र याच काळात कोपऱ्यावरच्या तारेच्या घोड्या नाहीशा झाल्या, आणि खाऊच्या पैशांतून सहज अंक उचलणारे पोर, विशेषतः मुलगी, या व्यापारातून बाहेर पडले. दुकान भक्तांचे झाले, आणि भक्तांच्या दुकानात नवख्याचे स्वागत फारसे प्रेमळ होत नसते.

'हा अंक उद्या दुर्मिळ होईल' या श्रद्धेचे फळ १९९० नंतर मिळाले. जुन्या अंकांच्या लिलावांची वृत्ते वाचून सामान्य लोक एकेक अंकाच्या पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन माळ्यावर ठेवू लागले; १९९१ सालच्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती दुकानदारांनी उचलल्या, आणि १९९२ च्या नोव्हेंबरात सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत, दंडावर बांधावयाच्या काळ्या फितीसह, रांगा लावून विकला गेला. ज्या वस्तूच्या लक्षावधी प्रती जपून ठेवल्या आहेत ती दुर्मिळ होत नसते, हे गणित लोकांस उमगले तेव्हा गिऱ्हाईक एका हंगामात ओसरले आणि बिनपरतीचा माल दुकानदाराच्या उरावर राहिला. भरभराटीच्या काळी सुमारे दहा हजारांच्या घरात गेलेल्या दुकानांपैकी निम्म्याहून अधिक शतक संपेतो बंद पडली. मार्व्हलने १९९४ साली स्वतःचाच वितरक विकत घेऊन घोटाळ्यात भर घातली, १९९६ च्या अखेरीस तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि या साऱ्या पडझडीतून बाल्टिमोरच्या स्टीव्ह गेप्पी यांची डायमंड ही एकच मोठी पेढी उभी राहिली. जी दुकाने वाचली, त्यांतली पुष्कळ १९९३ साली निघालेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाने वाचविली, मागल्या बाजूची ती लांब मेजे त्याची साक्ष आहेत.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी ही दुकाने येईल त्यास अंक फुकट वाटतात. कॅलिफोर्नियातील जो फील्ड या दुकानदाराच्या सूचनेवरून हा उत्सव २००२ साली सुरू झाला, आणि प्रकाशकांच्या औदार्याचे कौतुक त्या दिवशी पुष्कळ ऐकू येते. परंतु वाटावयाचे ते अंकही दुकानदार प्रकाशकाकडून पैसे मोजून घेतो.

२०२० साली महामारीत डायमंडने काही आठवडे मालाची रवानगीच थांबविली. त्यानंतर डीसी आणि पाठोपाठ मार्व्हल तिला सोडून अन्य वितरकांकडे गेल्या, आणि १४ जानेवारी २०२५ रोजी डायमंडने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. तेव्हा तिच्या गोदामात अनेक लहान प्रकाशकांनी विक्रीसाठी सोपविलेला माल पडून होता. तो विकून धनकोंची देणी भागवावीत असे पेढीचे म्हणणे पडले, आणि दुकानदारास पन्नास वर्षे बिनपरतीने माल विकत आलेले प्रकाशक आपला न खपलेला माल परत मिळावा म्हणून न्यायालयात उभे राहिले.