कमानीविना शर्यत
धानकापणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवसा शंकरपट, रात्री नाटक. सरळ पट्टीवर बैलजोड्या सुटतात. सगळे बैल पाहतात. आपण मागचा छकडा पाहू. त्याला कमान नसते. इंग्लंडात ओबदाया इलियटने १८०४ साली घोडागाडीखाली पोलादी कमानपट्टे बसवण्याचे पेटंट घेतले. पुढे टांग्याला, मालट्रकला ते लागले. पटाचा छकडा कोराच, कारण तिथे हलकेपणा हवा. मग चाकाचा धक्का आसातून दांडीत, दांडीतून जुवात आणि जुवातून थेट बैलाच्या मानेवर! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. २०२३ साली महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. पट संपल्यावर जू टेकते ती जागा मुलांना हाताने चाचपायला आम्ही सांगतो.