लिनक्सच्या अंगणांतील खेळ

ज्या घरांत कॉलेजांत जाणारा एखादा मुलगा आहे, त्या घरांतील संगणकावर कोणती प्रणाली असावी हें बहुधा वडील माणसें ठरवीत नाहींत. मुलाचे खेळ ठरवितात. वडिलांनीं कोणाकडून तरी लिनक्सची स्तुति ऐकलेली असते. ती विनामूल्य मिळते, तिची मूळ संहिता कोणासहि वाचतां येते, जुन्या यंत्रावरहि ती सुखानें चालते. लेखन, वाचन, हिशेब, पत्रव्यवहार यांपैकीं कांहींच तिच्यावांचून अडत नाहीं. मुलगा मात्र एकच प्रश्न करितो : "त्यावर अमुक खेळ चालतो का?" आणि वादाचा निकाल तेथेंच लागतो. आम्हांस हा प्रश्न पोरकट वाटत नाहीं. अँड्रॉइडच्या रूपानें जी कोट्यवधि मोबाइल फोनांत वसते, आणि जगांतील पहिल्या ५०० महासंगणकांवर २०१७ पासून जिचें एकछत्री राज्य आहे, त्या प्रणालीला घरांतील टेबलावर एका खेळानें वर्षानुवर्षें दारांतच अडवून ठेवावें, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकानें विचार करण्याजोगी खास आहे.

या अडवणुकीचा इतिहास समजून घ्यावयाचा तर लिनक्स ही वस्तु काय आहे हें प्रथम थोडक्यांत पाहिलें पाहिजे. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं 'ग्नू' नांवाचा प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम ज्याच्या हातीं येईल त्याला तो हव्या त्या कामीं लावण्याची, त्याची संहिता वाचण्याची, ती बदलण्याची आणि बदललेली दुसऱ्यास देण्याची मोकळीक असावी, हें त्या प्रकल्पाचें ब्रीद होतें. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें एक कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहून लोकांपुढें ठेवला, आणि पुढील वर्षीं तो स्टॉलमन यांच्या परवान्याखालीं मोकळा केला. ग्नूचीं साधनें आणि हा गाभा मिळून संपूर्ण प्रणाली सिद्ध झाली. येथें 'मुक्त' याचा अर्थ 'फुकट' असा नव्हे. ज्याचें यंत्र त्यानेंच त्याचा धनी राहावें, असा तो अर्थ आहे. वाचकांनीं तो ध्यानांत ठेवावा; कारण या कथेचा शेवट त्याच्यापाशींच येऊन थांबतो.

आतां खेळाकडे वळूं. खेळ हा स्वतः पडद्यावर चित्र काढीत नाहीं. 'या जागीं हा रंग भर, या क्षणीं हा आवाज कर' असे अर्ज तो प्रणालीकडे अव्याहत करीत असतो, आणि ते अर्ज एका ठराविक भाषेंत करावे लागतात. १९९२ सालीं सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनें 'ओपनजीएल' नांवाची अशी एक भाषा पुढें आणली; ती कोणत्याहि प्रणालीस शिकतां येण्याजोगी होती. १९९५ सालीं मायक्रोसॉफ्टनें 'डायरेक्टएक्स' काढली, ती विंडोजपुरतीच. खेळ करणाऱ्यांस ती सोयीची पडली, कारण गिऱ्हाईक विंडोजवर होतें. आणि खेळ विंडोजवर झाले म्हणून गिऱ्हाईकहि विंडोजवरच राहिलें. हें रहाटगाडगें एकदां फिरूं लागल्यावर तें चालू ठेवण्यास कोणाच्या दुष्ट बुद्धीची गरज उरली नाहीं.

वस्तुतः डायरेक्टएक्स येण्यापूर्वीं निराळी शक्यता दिसूं लागली होती. इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीचा 'डूम' हा खेळ १९९३ च्या डिसेंबरांत निघाला, आणि पुढील वर्षींच त्या कंपनींतील डेव्ह टेलर यांनीं तो लिनक्सवर चालता केला. १९९७ च्या अखेरीस कंपनीनें 'डूम'ची संहिता लोकांस खुली केली, तीहि लिनक्सची. ज्या डॉसवर तो खेळ जगभर गाजला त्या डॉसची नव्हे. याचें कारण मोठें बोधप्रद आहे. डॉसच्या आवृत्तींतील आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, आणि तो वांटण्याचा अधिकार कंपनीस नव्हता. स्वतःच्या घरांतली एक खोली परक्याच्या नांवावर असली म्हणजे सारें घर दान करतां येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

लिनक्ससाठीं खेळ विकण्याचा पहिला मोठा व्यापारी प्रयत्न 'लोकी सॉफ्टवेअर'चा. ही कंपनी १९९८ सालीं कॅलिफोर्नियांत स्कॉट ड्रेकर यांनीं काढली. दुसऱ्यांनीं विंडोजसाठीं केलेले नामांकित खेळ परवान्यानें घ्यावे, त्यांची संहिता लिनक्ससाठीं नव्यानें जुळवावी आणि पेटीबंद करून विकावे, असा हा व्यवसाय. १९९९ सालीं 'सिव्हिलायझेशन : कॉल टु पॉवर' हा तिचा पहिला खेळ बाहेर पडला, त्यामागून आणखीहि आले. काम चोख होतें. परंतु पेढी चालली नाहीं. २००१ सालीं कंपनीनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला आणि २००२ च्या जानेवारींत तिचीं दारें बंद झालीं. आमच्या मतें या अपयशाचें बीज व्यवसायाच्या घडणींतच होतें. लिनक्सवर खेळ येईपर्यंत विंडोजवरची आवृत्ति बाजारांत जुनी झालेली असे. आणि ज्याला खेळाची खरी आवड, तो त्याच यंत्राच्या दुसऱ्या कोपऱ्यांत विंडोज ठेवून मोकळा होई. तत्त्वासाठीं दुसऱ्यांदा किंमत मोजणारे थोडे. आणि थोड्यांवर दुकान चालत नाहीं.

तथापि लोकी बुडाली तेव्हां सर्वच बुडालें नाहीं. तेथील सॅम लँटिंगा यांनीं 'एसडीएल' नांवाचा एक साधनसंच रचला होता. त्याच्या आधारें लिहिलेला खेळ थोड्या श्रमांत अनेक प्रणालींवर नेतां येतो. ध्वनीसाठीं असलेल्या 'ओपनएएल' या साधनाचा उगमहि तेथलाच. हीं दोन्ही साधनें मोकळ्या परवान्याखालीं होतीं, म्हणून सावकारांच्या हिशेबांत तीं अडकून पडलीं नाहींत. पेढी गेली, पण हत्यारें उरलीं.

दुसरा मार्ग व्यापाराचा नव्हता, भाषांतराचा होता. खेळ जर डायरेक्टएक्सचीच भाषा बोलणार, तर मध्यें एक दुभाषा बसवावा आणि विंडोजला उद्देशून केलेला प्रत्येक अर्ज त्यानें लिनक्सला कळेल असा करून द्यावा, हा तो विचार. या दुभाष्याचें नांव 'वाइन'. काम १९९३ सालीं सुरू झालें, १९९४ पासून अलेक्झांडर ज्युलियार यांच्या देखरेखीखालीं चाललें, आणि पहिली पूर्ण आवृत्ति निघाली २००८ सालीं! पंधरा वर्षें लागण्याचें कारण उघड आहे. ज्या भाषेचा कोश परक्याच्या कुलपांत आहे, ती केवळ बोलणें ऐकून शिकावयाची होती. मध्यंतरीं कांहीं कंपन्यांनीं वाइन घेऊन त्यांत सुधारणा केल्या आणि त्या स्वतःपाशींच ठेवल्या. तेव्हां २००२ सालीं वाइनचा परवानाच बदलण्यांत आला, आणि जो सुधारणा करून वांटील त्यानें त्या सुधारणाहि उघड कराव्या असें बंधन आलें. ही घटना दिसावयास लहान, पण पुढें तिचें फळ मोठें मिळालें.

तिसरी अडचण यंत्राच्या पोटांतली. चित्रें रंगविणारें ग्राफिक्स कार्ड कसें चालवावें हें फक्त त्याच्या कारखानदारास ठाऊक असे, आणि तो तें सांगत नसे. एएमडी कंपनीनें २००७ सालीं आपल्या कार्डांची माहिती उघड करण्यास आरंभ केला. एन्व्हिडियाच्या कार्डांसाठीं 'नूव्हो' या मंडळीस यंत्राच्या वर्तनावरून अनुमानें बांधीत बसावें लागलें. २०१२ सालीं फिनलंडमधील एका जाहीर संभाषणांत टोरवाल्ड्स यांनीं त्या कंपनीस उद्देशून जे शब्द व जो हावभाव योजिला, तो या पृष्ठांवर वर्णन करण्याजोगा नाहीं. पण त्यामागील चीड खरी होती. त्या कंपनीनें आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग २०२२ सालीं खुला केला.

इतक्यांत चित्र बदललें, आणि तें बदललें एका व्यापाऱ्याच्या भीतीनें. व्हॉल्व्ह कंपनीचें 'स्टीम' हें संगणकीय खेळांचें सर्वांत मोठें दुकान. पण तें दुकान उभें होतें विंडोजच्या जागेवर. २०१२ सालीं विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टनें स्वतःचें दुकान प्रणालींतच उघडलें. घरमालकच शेजारीं तोच माल मांडून बसला म्हणजे भाडेकरूस झोंप कशी लागावी? व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूएल यांनीं त्याच वर्षीं विंडोज ८ ही साऱ्या संगणकधंद्यावरची आपत्ति आहे असें जाहीरपणें सांगितलें, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत स्टीम लिनक्सवर आलें. लोकीचे लँटिंगा तत्पूर्वींच व्हॉल्व्हमध्यें गेले होते. २०१५ सालीं लिनक्सवर चालणारीं 'स्टीम मशीन' नांवाचीं यंत्रें विक्रीस निघालीं. तीं पडलीं, कारण दुकान आलें तरी त्यांतील पुष्कळसा माल या यंत्रांस वर्ज्यच होता.

अपयशानंतर व्हॉल्व्ह भाषांतराकडे वळली. २०१६ सालीं 'वल्कन' ही चित्रणाची नवी, सर्वांस खुली भाषा निघाली होती. डायरेक्टएक्सचे चित्रणविषयक अर्ज वल्कनमध्यें उतरविणारा 'डीएक्सव्हीके' हा प्रोग्राम एका गृहस्थानें, मुख्यतः 'नियर : ऑटोमाटा' हा एक खेळ लिनक्सवर खेळतां यावा म्हणून, लिहावयास घेतला; व्हॉल्व्हनें त्यास पाठबळ दिलें. वाइन आणि डीएक्सव्हीके यांची जोडी करून २०१८ च्या ऑगस्टांत 'प्रोटॉन' आला, आणि २०२२ सालीं हातांत धरून खेळण्याचें 'स्टीम डेक' हें लिनक्सयंत्र विक्रीस आलें. लोकीला एकेक खेळ जुळवीत बसावें लागे. आतां विंडोजसाठीं केलेले हजारों खेळ मूळ कर्त्यांनीं बोट न हालवितां लिनक्सवर चालूं लागले. स्टीमच्या स्वतःच्या पाहणींत २०२५ च्या ऑक्टोबरांत लिनक्सवाल्यांचें प्रमाण शेंकडा ३ च्या वर गेलें. आंकडा लहान आहे. परंतु वर्षानुवर्षें तें शेंकडा १ च्या आसपास घुटमळत होतें, हें विसरूं नये.

भाषांतराचे गुणदोष मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नकोत. आमच्या वाङ्मयाच्या नव्या युगाचा आरंभच भाषांतरांनीं झाला, आणि भाषांतरांवर तृप्त राहणाऱ्या समाजास स्वतःचें वाङ्मय उशिरा येतें ही तक्रारहि तितकीच जुनी आहे. लिनक्सच्या बाबतींत ही शंका अगदींच निराधार नाहीं. 'रॉकेट लीग' या खेळाची लिनक्ससाठीं स्वतंत्र आवृत्ति होती. २०२० सालीं कर्त्यांनीं तिचा आधार काढून घेतला, आणि लिनक्सवाले प्रोटॉनमधून विंडोजचीच आवृत्ति खेळूं लागले. दुभाषा चांगला मिळाला म्हणजे भाषा शिकण्याचें कारण उरत नाहीं.

तरीहि भाषेची भिंत पडत आली, हें खरें. आतां जी भिंत उभी आहे ती निराळ्याच मातीची आहे. जे खेळ अनेकांनीं मिळून दुरून खेळावयाचे, त्यांत लबाडी फार चालते. भिंतीपलीकडचा शत्रु दिसावा, नेम आपोआप लागावा, असे प्रोग्राम विकत मिळतात. प्रामाणिक खेळाडूची त्यावरील तक्रार अगदीं रास्त आहे. तिच्यावर उपाय म्हणून खेळाच्या कंपन्यांनीं पहारेकरी नेमले. पुष्कळसे पहारेकरी प्रणालीच्या गाभ्यांत, कर्नलमध्यें, बसून यंत्रावर नजर ठेवितात. २०२० सालीं 'व्हॅलोरंट' या खेळाबरोबर आलेला 'व्हॅनगार्ड' हा अशांपैकीं एक. २०२४ सालीं तो 'लीग ऑफ लेजंड्स'लाहि लावण्यांत आला, आणि वाइनच्या आधारानें तो खेळ खेळणाऱ्या लिनक्सवाल्यांचा खेळ एका दिवसांत संपला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर 'एपेक्स लेजंड्स'नें लिनक्सला दार बंद केलें. त्या वेळीं दिलेल्या कारणाचा भावार्थ असा कीं, लिनक्सचा मोकळेपणाच लबाडांच्या पथ्यावर पडतो. दोन प्रसिद्ध पहारेकऱ्यांच्या कर्त्यांनीं प्रोटॉनशीं जुळवून घेण्याची सोय २०२१ सालींच केलेली आहे. पण ती वापरावी कीं नाहीं हें प्रत्येक खेळाच्या कर्त्यांच्या मर्जीवर आहे, आणि कित्येकांची मर्जी नाहीं.

येथें दुभाष्याचें कांहींच चालत नाहीं, कारण तंटा भाषेचा नसून सत्तेचा आहे. पहारेकऱ्याची मागणी अशी कीं, यंत्राच्या गाभ्यांत मालकासहि बदल करतां येऊं नये, निदान केला तर आम्हांस कळावा. लिनक्सचें ब्रीद असें कीं, गाभा मालकाचाच, आणि तो त्यानें हवा तसा बदलावा. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं पुऱ्या होणें कठीण आहे. कंपन्यांनीं लबाडीचा तपास आपल्या सर्व्हरवर, खेळाडूच्या चालींवरून करावा, हा एक मार्ग सांगितला जातो, आणि आम्हांसहि तोच न्याय्य वाटतो. परंतु तो खर्चाचा आणि अपुरा आहे, हें प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही खोटें म्हणत नाहीं.

एक शंका राहते. लिनक्सवरील खेळांचें आजचें वैभव एका व्यापाऱ्याच्या स्वार्थावर उभें आहे. उद्यां तो स्वार्थ फिरला तर? आमचें उत्तर लोकीच्या इतिहासांत आहे. वाइन, डीएक्सव्हीके, प्रोटॉन यांच्या संहिता खुल्या आहेत. पेढी उठली तरी हत्यारें जागच्या जागीं राहतील आणि दुसरा कोणी तीं उचलील. तेव्हां वडील माणसांस आमची सूचना एवढीच आहे. 'माझा खेळ त्यावर चालत नाहीं' असें मुलगा म्हणाला, तर तेथेंच थांबूं नये. 'कां चालत नाहीं?' असें त्याला विचारावें. भाषेची अडचण असेल तर ती आज ना उद्यां दूर होईल. पण आपल्या घरांतील यंत्राच्या गाभ्यांत परका पहारेकरी बसविल्यावांचून खेळतां येत नाहीं असें कारण निघालें, तर प्रश्न खेळाचा राहिला नाहीं. तें यंत्र कोणाचें हा प्रश्न झाला. त्याचें उत्तर बाप आणि मुलगा यांनीं एकत्र बसून द्यावें.