शनवार तेली, होदी आणि हिंदी

करामात राहायला आलं की आपल्याला एक नवं नाव आपोआप मिळतं: 'हिंदी'! अरबी माणसाच्या लेखी मल्याळी, गुजराती, मराठी सगळे हिंदीच. भारतात आपण ज्याला भाषा म्हणतो, ती इथे आपली ओळख होते.

अशा घाऊक नावांचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. मी तिथे एमएस करत होतो तेव्हा वर्गातल्या ब्राझीलच्या मित्राला कोणी 'हिस्पॅनिक' म्हटलं की तो वैतागायचा. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं सांगणारे. त्याची भाषा पोर्तुगीज! 'लॅटिनो' मात्र त्याला चालायचं, कारण ते नाव लॅटिन अमेरिकेवरून आलं आहे. १९८० च्या जनगणनेत स्पॅनिश वंशाबद्दलचा प्रश्न प्रथमच प्रत्येक घराला विचारला गेला, तर 'लॅटिनो' हा शब्द २००० साली अर्जावर आला. मोजदाद झाल्यामुळे मेक्सिको, क्युबा, पोर्तो रिकोच्या लोकांचं बळ दिसलं, पण त्यांच्यातले फरक एका चौकटीत झाकले गेले. गंमत म्हणजे करामातल्या आपल्या फिलिपिनो शेजाऱ्यांची आडनावं सांतोस, रेयेस अशी असतात, त्यांच्या देशावर स्पेनने तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, तरी त्यांना सहसा कोणी हिस्पॅनिक म्हणत नाही!

आता आपल्या कोकणात येऊ या. बेने इस्रायल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. गावांवरून आडनावं पडली: किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर. घरात भाषा मराठी. बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठी कीर्तनं रचली. पोहे, ओलं खोबरं आणि फळांचा 'मलिदा' आजही एलियाहू हन्नाबीच्या नावाने केला जातो.

१९४८ नंतर यातली हजारो माणसं इस्रायलला गेली. भारतात ती यहुदी होती. तिथे गेल्यावर झाली 'होदी', म्हणजे भारतीय! हिब्रूतलं 'होदू' आणि अरबीतलं 'हिंद' ही दोन्ही नावं मुळात सिंधूवरूनच आलेली. नावापुरतं ठीक होतं. पण १९६२ च्या सुमारास मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की यांचा लग्नसंबंध इतर यहुद्यांशी जुळवण्याआधी आई-आजीपासून मागची वंशावळ तपासावी. ज्या धर्मासाठी पिढ्यान् पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवला, त्याचाच पुरावा द्यायची वेळ आली. समाजाने निदर्शनं केली, उपोषणं केली. अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदी आहेत असं ठरावाने सांगितलं आणि धर्मपीठाला तो आदेश बदलावा लागला. या सगळ्यात मराठी मात्र सुटली नाही. पुढे इस्रायलमधून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघू लागलं.

मंडळी, दुसऱ्याने दिलेल्या नावाने फारसं बिघडत नाही. 'हिंदी' म्हणवून घ्यायला आपली काय हरकत असणार? बोचतो तो मागितलेला पुरावा. आपल्या मंडळातही पुणेकर आहेत, वऱ्हाडी आहेत, गोवेकर, बेळगावकर, इंदूरकर आहेत. इथे जन्मलेली आपली मुलं अडखळत मराठी बोलतात. 'हा खरा मराठी का?' असा प्रश्न ओठावर आला, तर नवगावच्या त्या तेल्यांची आठवण ठेवू या. जो स्वतःला मराठी म्हणवतो, तो आपला!