हिशेबाच्या चकतीची कुळकथा

इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर घेऊन हिंडणाऱ्यांच्या हाती एक वस्तू पुन्हा पुन्हा लागते. यंत्र स्वच्छ सूर काढते, चार बोटे माती उकरली की एक पातळ चकती वर येते. आकार साधारण आपल्या रुपयाच्या नाण्याएवढा. मातीने काळवंडलेली, पण जिथे खुरपे घासले तिथे पिवळीधमक. एका बाजूला मधोमध गुलाब, त्याच्याभोवती आळीपाळीने तीन मुकुट आणि तीन लिलीची फुले. दुसऱ्या बाजूला तीन पाकळ्यांच्या चौकटीत एक गोल आणि त्यावर क्रूस. कडेने अक्षरांची रांग. सोन्याचे नाणे सापडले म्हणून काळजाचा ठोका चुकावा, असेच तिचे रूप असते.

मग एकेक शंका उठते. सोन्याच्या मानाने वजन फारच कमी आहे. राजाचा चेहरा नाही, देशाचे नाव नाही, किंमत तर कुठेच लिहिलेली नाही. काही चकत्यांवरची अक्षरे कुठल्याच भाषेत लागत नाहीत, कारण ठसा कोरणाऱ्याने केवळ शोभेसाठी ती ओळीने बसवलेली असतात. ही पितळी चकती कधीच पैसा नव्हती. ती पैसा मोजण्याचे साधन होती. तिला जेटन म्हणतात आणि तेराव्या शतकापासून पुढची चारशे वर्षे युरोपातला जवळजवळ सगळा मोठा हिशेब अशा चकत्या मांडून होत होता.

चकतीवर किंमत का नाही, हे कळायला ती जिथे ठेवली जाई ते मेज डोळ्यांपुढे आणावे लागते. मेजावर आडव्या रेघा आखलेल्या असत. सर्वांत खालची रेघ एककाची, तिच्यावरची दहाची, मग शंभराची, मग हजाराची. दोन रेघांमधल्या जागा पाचाच्या, पन्नासाच्या आणि पाचशेच्या. आता ३६७ मांडायचे, तर शंभराच्या रेघेवर तीन चकत्या, पन्नासाच्या जागी एक, दहाच्या रेघेवर एक, पाचाच्या जागी एक आणि एककाच्या रेघेवर दोन. एकूण आठ. रोमन पद्धतीने ३६७ लिहायलाही बरोबर आठच अक्षरे लागतात. म्हणजे मेजावरची मांडणी वाचत जायची आणि वहीत उतरवायची, इतके हे सरळ होते.

यात २८५ मिळवायचे असतील तर त्याच्या चकत्या शेजारी मांडायच्या आणि सगळ्या एकत्र करायच्या. पाचाच्या जागी दोन जमल्या, त्या उचलायच्या आणि वर दहाच्या रेघेवर एक ठेवायची. तिथे आता पाच झाल्या, त्या काढून पन्नासाच्या जागी एक. तिथे तीन झाल्या, त्यांतल्या दोन उचलून शंभरावर एक. शंभरावर सहा झाल्या, त्यांतल्या पाच काढून पाचशेच्या जागी एक. उरल्या पाच चकत्या, उत्तर ६५२. हे करणाऱ्याला पाढे पाठ असण्याची गरज नाही, अक्षरओळखही नसली तरी चालते. पाचापर्यंत मोजता आले की पुरे. आपल्याकडे पोरे चिंचोके मांडून बेरीज शिकत, त्याचाच हा सावकारी आणि सरकारी अवतार.

दहाच्या रेघेवर शेवटी एकही चकती उरली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ती रेघ नुसती मोकळी राहिली. तिथे काही नाही हे दाखवायला वेगळ्या चिन्हाची गरज पडली नाही, कारण रेघ मेजावर कायम आखलेलीच होती.

इंग्लंडच्या राजाचा खजिनाही अशाच मेजावर चाले. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कचेरीचा सगळा कारभार लिहून ठेवला आहे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद मेज. हिशेबाचे काही खाली पडू नये म्हणून कडेला चार बोटे उंच पट्टी. वर काळे कापड आणि त्यावर रेघांची चौकट. एका बाजूला वसुली घेऊन आलेला शेरीफ, समोर हिशेबनीस. या चौकटीवरूनच त्या कचेरीला एक्सचेकर म्हणू लागले आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही तेच नाव मिरवतो.

खास हिशेबासाठी पाडलेल्या चकत्या तेराव्या शतकात फ्रान्सच्या राजघराण्यात दिसू लागतात. राणी ब्लाँश द कास्तील, जी १२५२ मध्ये वारली, तिच्या कारभाराशी त्यांतल्या सर्वांत जुन्या जोडल्या जातात. इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्डच्या काळात त्या आल्या आणि त्यांची घडण थेट चांदीच्या पेनीसारखी होती. इथेच ओळखीची एक सोपी खूण मिळते. अशा इंग्लिश चकतीच्या मधोमध बहुधा आरपार भोक किंवा खोल टोचा असतो. चांदीचा मुलामा देऊन कुणी ती पेनी म्हणून खपवू नये, यासाठीची ती तजवीज. भोक बघून ‘कुणीतरी गळ्यात घातली असेल’ असे वाटते खरे, पण ते टाकसाळीच्या सावधगिरीचे भोक आहे. पुढे फ्रान्स आणि तूर्ने शहरातल्या चकत्यांचा सुकाळ झाला. त्यांच्या कडेने मेरीमातेची लॅटिन प्रार्थना फिरते.

पण शेतात जी सर्वांत जास्त सापडते, ती गुलाब आणि क्रूसाच्या गोलाची चकती जर्मनीतल्या न्यूर्नबर्गची. पितळकामात त्या शहराचा हात धरणारे युरोपात फारसे कुणी नव्हते. पंधराव्या शतकापासून तिथल्या कारागिरांनी पातळ पत्र्याच्या स्वस्त चकत्या पाडायला सुरुवात केली आणि सोळाव्या शतकात सगळी बाजारपेठ काबीज केली. शुल्टेस, क्राउविंकल, लाउफर ही त्यांतली घराणी. उस्ताद झाल्यावर कारागीर चकतीवर स्वतःचे नाव घालू लागले आणि त्यामुळे आज शोधणाऱ्याचे काम अर्धे झाले आहे. या उस्तादांच्या कामाची वर्षे माहीत आहेत. कडेला हान्स क्राउविंकल हे नाव वाचता आले, तर बहुतेक वेळा तो या नावाचा दुसरा उस्ताद असतो आणि चकती १५८६ ते १६३५ या काळातली ठरते. त्याच्या चकत्या अटलांटिक ओलांडून व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनलाही पोहोचल्या. १६०७ मध्ये वसलेल्या त्या इंग्रज वसाहतीच्या उत्खननात त्या निघाल्या आहेत.

या चकत्यांच्या कडेला जर्मन बोधवाक्येही असत. देवाचा आशीर्वाद श्रीमंत करतो, अशा अर्थाचे एक. आज तांबूस टवटवीत, उद्या मृत, अशा अर्थाचे दुसरे. दिवसभर दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब करणाऱ्याच्या बोटांखाली ही वाक्ये फिरत असतील, याचे मला अप्रूप वाटते. त्याहून सुंदर आहे ती शिकाऊ लोकांसाठीची चकती. तिच्या एका बाजूला चौकटीत लॅटिन मुळाक्षरे आणि दुसऱ्या बाजूला मेजाशी बसून चकत्या मांडणारा हिशेबनीस. वस्तू स्वतःच स्वतःचा उपयोग सांगते, असे जमिनीतून निघणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत फार क्वचित घडते.

या चकतीला ज्याने हटवले त्याचे मूळ मात्र आपल्या बाजूला आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांच्या संख्या त्यात आकड्यांनी कोरल्या आहेत. १८७६ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी या आकड्यांवर सविस्तर लिहिले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या अंकांचे पूर्वज त्या भिंतीवर दिसतात. मात्र तिथे दहाला वेगळे चिन्ह आहे, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. जागेवरून किंमत ठरण्याची युक्ती अजून लेखनात आलेली नाही. ती पुढच्या काही शतकांत आली. ६६२ मध्ये सीरियातला विद्वान सेव्हेरस सेबोख्त भारतीयांच्या नऊ चिन्हांची तारीफ करतो. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ च्या लेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली दिसते.

युरोपच्या मेजावर स्थानाची किंमत होतीच, पण ती रेघांमध्ये अडकली होती. मेजावरून उठले की संख्येला पुन्हा रोमन अक्षरांचा वेष चढवावा लागे. भारतीय अंकांनी ते स्थान थेट लिहिण्यात आणले आणि मोकळ्या रेघेच्या जागी शून्य बसवले. एवढे झाल्यावर मेजाची गरज उरत नाही. हे अंक अरबांमार्फत युरोपात गेले. पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, त्यांच्यावर ‘लिबेर अबाची’ लिहिला तो १२०२ मध्ये. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १२०७ मध्ये, चाळीसगावजवळच्या पाटण इथे चांगदेवाने आपल्या आजोबांचे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. इकडे त्याच अंकांवर उभे असलेले गणित शिकवायला दान मिळत होते आणि तिकडे ते अंक बाराखडीसारखे गिरवायला घेतले जात होते.

युरोपने ते लगेच स्वीकारले नाहीत. फ्लॉरेन्सच्या सराफसंघाने १२९९ मध्ये जमाखर्चाच्या वह्यांत हे अंक वापरायला मनाई केली आणि रकमा अक्षरांत लिहायला लावल्या. यासाठी सराफांना हसू नये. शून्याला शेपूट जोडून सहा किंवा नऊ करणे सोपे असते, आणि आपणही आज धनादेशावर रक्कम अक्षरांत लिहितोच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रेगोर राइश याच्या ‘मार्गारिटा फिलोसोफिका’ या ग्रंथात एक चित्र छापले गेले. मध्ये उभी अंकगणिताची देवी, तिच्या वस्त्रावर नवे अंक. एका बाजूला प्राचीन रोमन पंडित बोएथियस अंक लिहून गणित करतो आहे, दुसऱ्या बाजूला पायथागोरस चकत्या मांडून बसला आहे. देवीची नजर अंकांकडे. नव्या अंकांचे श्रेय बोएथियसला देणे चूकच होते, पण कोण जिंकणार हे चित्रकाराने ओळखले होते. जर्मन गणितशिक्षक आडाम रीस याने १५२२ मध्ये छापलेल्या पुस्तकात दोन्ही रीती शिकवल्या, रेघांवरची आणि लेखणीची. कागद स्वस्त झाला तसे लेखणीचे पारडे जड झाले. लिहिलेला हिशेब दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासता येतो. मेजावरचा हिशेब मात्र चकत्या उचलल्या की नाहीसा होतो.

तरी जुनी सवय चिवट असते. १६७३ मध्ये फ्रेंच नाटककार मोलिएरचे शेवटचे नाटक रंगमंचावर आले, तेव्हा त्याचा आजारपणाने झपाटलेला नायक पहिल्याच प्रवेशात औषधवाल्याची बिले चकत्या मांडून तपासत बसलेला होता. प्रेक्षकांना त्यात काही जुनाट वाटले नसावे.

पुढे चकत्या पत्त्यांच्या डावात गेल्या. बर्मिंगहॅमला तिसऱ्या जॉर्जच्या गिनीची नक्कल करणाऱ्या पितळी चकत्या जुगाराच्या मेजासाठी निघाल्या. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली आणि तिचा काका हॅनोव्हरला राजा म्हणून गेला, तेव्हा त्याची टर उडवणाऱ्याही निघाल्या. याही शेतात सापडतात आणि सोन्याच्या म्हणून घरी नेल्या जातात.

शेतात त्या आल्या कशा? बऱ्याचशा शहरातल्या केरकचऱ्याबरोबर, खत म्हणून. पण जिथे त्या दाटीने सापडतात, तिथे एखादा बाजार, जत्रा किंवा मठाची कचेरी असण्याचा संभव असतो. म्हणून सापडलेल्या जागेची नोंद चकतीइतकीच मोलाची. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम ही नोंद करते. सुट्या पितळी चकतीची माहिती देणे तिथे कायद्याने बंधनकारक नाही, तरीही हजारो लोकांनी ती आपणहून दिली. बार्नार्डने १९१६ मध्ये आणि मिचिनरने १९८८ मध्ये काढलेल्या मोठ्या सूच्यांमुळे तज्ज्ञ आज छाप पाहून गाव आणि उस्ताद सांगू शकतात.

आपल्याकडे गडकोटांवर रात्री मेटल डिटेक्टर घेऊन जाणाऱ्यांच्या बातम्या येतात, तेव्हा मला नेलेल्या वस्तूंपेक्षा खोदलेल्या खड्ड्यांचे जास्त वाईट वाटते. संरक्षित वास्तूंवर अशी खोदाई गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात नांगराला काही लागले, तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये. जागा लक्षात ठेवावी आणि तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवावे. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते, आणि त्या अर्जात तीन गोष्टी लिहाव्या लागतात: काय आणि किती मोलाचे सापडले, कुठे सापडले, कोणत्या दिवशी सापडले.