दिवेलागणीची जपमाळ

वसईच्या पूर्वजांचें स्मरण करणें उचित होय.

इ. स. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली आणि मिशनऱ्यांनीं येथें ख्रिस्तमंदिरें उभारलीं. वसईचेच सुपुत्र गोन्सालो गार्सिया हे १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर रक्तसाक्षी झाले. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें.

पुढें १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला जिंकला. पोर्तुगीज सत्ता गेली; तिच्यामागोमाग युरोपियन मिशनरीहि गेले. राजाश्रय गेला, आतां धर्महि जाईल, असें कोणासहि वाटलें असतें. परंतु तसें घडलें नाहीं. एतद्देशीय धर्मगुरूंनीं कळप सांभाळला. शेतांत व वाडींत दिवसभर राबणाऱ्या कुटुंबांनीं दिवेलागणीस जपमाळ म्हटली, मुलांस गुडघे टेकावयास शिकविलें. सामवेदी व वाडवळी बोलीहि त्यांच्या ओठीं टिकल्या.

किल्ल्याचे तट आज भग्न आहेत. त्या घरांनीं राखलेल्या श्रद्धेवर मात्र १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत उभा राहिला.

बंधुभगिनींनो, सत्तांतरानें जी जपमाळ तुटली नाहीं, ती आपल्या आळसानें तुटूं नये. आज सायंकाळीं आपल्या घरांत ती म्हटली जाईल काय?